अंतर ४७१ किलोमीटर, मग विमानाला ८५ मिनिटं कशी?

खिडकीशेजारी

नमस्कार मंडळी. जाणकारांनी कृपया मदत करावी, कारण उत्तरावर तिकीट काढायचं अवलंबून आहे.

आई ७४ वर्षांची आहे. गुडघ्यांमुळे फार चालवत नाही, पण एकटीने यायची तिची पूर्ण तयारी आहे. एका छोट्या विमानतळावरून ती दुसऱ्या छोट्या विमानतळावर उतरेल आणि तिथून दुसरं विमान धरून माझ्याकडे येईल. पहिल्या टप्प्याला किती वेळ लागतो ते पाहायला मी तीन वेगवेगळ्या संकेतस्थळांवर शोधलं आणि गोंधळ वाढला.

पहिल्यावर लिहिलंय अंतर ४७१ किलोमीटर, वेळ ३४ मिनिटं. दुसऱ्यावर २९३ मैल आणि १ तास ५ मिनिटं. तिसऱ्यावर २५४ मैल, वेळ दिलेलीच नाही. तिकिटावर मात्र १०.४० ला सुटणार आणि १२.०५ ला पोचणार, म्हणजे ८५ मिनिटं. गाडीरस्त्याने हेच अंतर ६४० किलोमीटर भरतं.

यातलं खरं काय धरायचं? पुढची विमानं दोन आहेत: एक १२.५० चं आणि एक १४.३० चं. दोन्ही टप्प्यांची तिकिटं वेगवेगळी काढावी लागतील. पहिलं संकेतस्थळ खरं असेल तर १२.५० चं आरामात मिळेल असं वाटतं. आईला उगाच दोन-अडीच तास बसवून ठेवायचं जिवावर येतं.

गणिताचा तास

ताई, आधी अंतराचा गोंधळ सोडवू. तो सोपा आहे. तुमची तिन्ही अंतरं एकच आहेत!

जमिनीवरचा मैल १.६०९ किलोमीटरचा, सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. ४७१ ला पहिल्याने भागा, २९३ येतात. दुसऱ्याने भागा, २५४ येतात. विमान आणि जहाज दोन्हीकडे सागरी मैलच चालतो. तिसऱ्या संकेतस्थळाने नुसतं 'मैल' लिहून तुम्हाला फसवलं. कोणता मैल, ते लिहायलाच हवं होतं.

सागरी मैल का, याचं कारण फार सुंदर आहे. अक्षांशाच्या एका अंशाचे ६० भाग केले की एक भाग म्हणजे एक कला, आणि पृथ्वीच्या पाठीवर एक कला म्हणजे जवळपास एक सागरी मैल. त्यामुळे नकाशाच्या कडेच्या अक्षांशाच्या खुणांवरच कर्कटक ठेवून अंतर मोजता येतं, वेगळी पट्टी लागत नाही.

आता ४७१ आले कुठून? प्रत्येक विमानतळाला एक ठरलेला संदर्भबिंदू असतो, त्याचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध केलेले असतात. संकेतस्थळ ते दोन बिंदू घेतं आणि गोलावरचं सगळ्यात कमी अंतर काढतं. ते अंतर ज्या वर्तुळावर मोजतात त्याला बृहद्वृत्त म्हणतात, म्हणजे पृथ्वीच्या मध्यातून कापलेल्या पातळीचं वर्तुळ.

एवढ्या जवळच्या अंतराला तुम्ही हे घरी कागदावरही करू शकता. समजा एक विमानतळ २० अंश अक्षांशावर, दुसरा २२ वर, आणि रेखांशात फरक ४ अंशांचा. अक्षांशाचा एक अंश १११.२ किलोमीटर, म्हणून उत्तर-दक्षिण फरक २२२.४. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच असतो, पण ध्रुवाकडे जाताना रेखावृत्तं जवळ जवळ येत जातात. २१ अंशावर तो १११.२ गुणिले कोसाइन २१, म्हणजे १०३.८ किलोमीटर. चार अंशांचे ४१५. आता पायथागोरस: २२२ आणि ४१५ या बाजू असतील तर कर्ण ४७१. तुमच्याच आकड्याशी जुळावेत म्हणून मी हे अंश निवडलेत, हे उघड आहे. पण गोलाचं पूर्ण सूत्र लावलं तरी ४७१ च येतात, मी करून पाहिलं. हजारो किलोमीटरला ही घरगुती रीत चालत नाही, तिथे वक्रतेमुळे उत्तर चुकतं.

नकाशावेडी

गणिताचा तास, +१. फक्त एक भर. पृथ्वी नेमकी गोल नाही. विषुववृत्तापाशी त्रिज्या ६३७८ किलोमीटर, ध्रुवांकडे ६३५७. बहुतेक संकेतस्थळं सरासरी ६३७१ धरून मोकळी होतात. त्याने उत्तरात जास्तीत जास्त अर्धा टक्का चूक येते. ४७१ ला अर्धा टक्का म्हणजे दोन-अडीच किलोमीटर, विमानाच्या हिशेबात पंधरा-वीस सेकंद. तेव्हा दोन ठिकाणी ४७० आणि ४७२ दिसलं तर घाबरू नका.

त्याहून मोठी चूक भलत्याच विमानतळाची होते. पोर्टलंड नावाची दोन शहरं आहेत, एक ओरेगॉनमध्ये आणि एक मेनमध्ये, अमेरिकेच्या दोन टोकांना. एकाचा कोड पी-डी-एक्स, दुसऱ्याचा पी-डब्ल्यू-एम. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तशी कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातही आहे, आणि ऑस्ट्रेलियाला निघालेली माणसं खरोखर तिथे उतरलेली आहेत. अंतर शोधताना शहराचं नाव न टाकता तिकिटावरचा तीन अक्षरी कोड टाकायची सवय लावा.

धावपट्टी

मी ३० वर्षं फ्लाइट डिस्पॅचचं काम केलं. म्हणजे विमान उडण्याआधी त्याचा मार्ग, इंधन, वारा, पर्यायी विमानतळ यांचा आराखडा करणं. आता निवृत्त आहे. हा प्रश्न मला नातेवाईकांनी इतक्यांदा विचारलाय की यावर सविस्तर लिहायला मला आवडेल.

पहिली गोष्ट. ३४ मिनिटं हा आकडा कुठल्याही विमानाचा नाही. त्यांनी ४७१ ला ताशी ८३० किलोमीटरने भागलंय. तो वेग मोठ्या जेटचा, तोही उंचीवर स्थिर झाल्यावरचा. विमान जागेवरून सुटल्याक्षणी ८३० च्या वेगात असतं आणि उतरणाऱ्या विमानतळावर त्याच वेगात थांबतं, असं धरलं तरच हे गणित बरोबर.

दुसरी गोष्ट. तुमच्या आई ज्या विमानाने येणार ते बहुधा जेट नसेलच. ८५ मिनिटं पाहून मला वाटतं ते एटीआर ७२ किंवा तसंच टर्बोप्रॉप असावं, बाहेर पंखे दिसतात ते. तिकिटावर विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, बघा. एटीआरचा क्रूझ वेग, म्हणजे उंचीवर स्थिर झाल्यावरचा, ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. डॅश ८ या दुसऱ्या टर्बोप्रॉपची मोठी आवृत्ती ६६० पर्यंत जाते. छोट्या विमानतळांवर टर्बोप्रॉप असण्याचं कारण साधं आहे: त्याला लांब धावपट्टी लागत नाही आणि कमी अंतरावर ते जेटपेक्षा बरंच कमी इंधन खातं.

आता त्या ८५ मिनिटांची फोड करतो.

तिकिटावरची वेळ ही 'ब्लॉक टाइम' असते. विमान जागेवरून हललं तिथपासून दुसरीकडे जागेवर येऊन थांबलं तिथपर्यंत. चाकांना ज्या ठोकळ्यांनी अडवतात ते काढले की घड्याळ सुरू, पुन्हा लावले की बंद. या प्रवासात आम्ही चार वेळा नोंदवायचो: जागा सोडली, जमीन सोडली, जमिनीला टेकलं, जागेवर थांबलं. पहिल्या आणि चौथ्यातला फरक म्हणजे ब्लॉक टाइम. दुसऱ्या आणि तिसऱ्यातला फरक म्हणजे खरं उड्डाण. लोक भांडतात ते बहुतेक या दोहोंची गल्लत करून.

जमिनीवर निघताना ८ ते १५ मिनिटं जातात, उतरल्यावर ४ ते ७. छोट्या विमानतळावर कमी लागतील असं वाटतं. पण पुष्कळ छोट्या ठिकाणी धावपट्टीला समांतर टॅक्सी-वे, म्हणजे विमानाने टोकापर्यंत जायचा वेगळा रस्ता, नसतो. मग विमानाला धावपट्टीवरूनच टोकापर्यंत जायचं, तिथे वळायचं आणि उलट दिशेने धावायचं. तेवढ्या वेळात समोरून कुणी उतरणार असेल तर त्याचं उतरणं होईपर्यंत तुम्ही थांबायचं.

मग चढण. एटीआर १८,००० फुटांपर्यंत जायला साधारण १५ मिनिटं घेतं, आणि चढताना पुढे जाण्याचा वेग क्रूझच्या दोन-तृतीयांश असतो. शेवटी उतरण आणि ॲप्रोच, म्हणजे धावपट्टीच्या रोखाने जवळ येणं, मिळून २० मिनिटं. बऱ्याच देशांत १०,००० फुटांखाली २५० नॉटपेक्षा जास्त वेगाने जायला मनाई आहे. नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, तेव्हा ही मर्यादा ताशी ४६३ किलोमीटर. एटीआरला तिचा त्रास नाही, जेटला मात्र लगाम बसतो. राहिली मधली सपाट वाट. तुमच्या प्रवासात ती फार तर ३५ मिनिटांची.

शिवाय वाट सरळ नसते. निघण्याचा आणि उतरण्याचा ठरलेला मार्ग असतो, मध्ये वेपॉइंट, म्हणजे वाटेवरचे नेमून दिलेले बिंदू, असतात, कुठे लष्करी हद्द टाळायची असते. तुमच्या दिशेच्या उलट तोंड करून टेकऑफ घ्यावा लागला तर वळून यायलाच तीन-चार मिनिटं. ४७१ किलोमीटरच्या वाटेवर विमान प्रत्यक्षात ४९० ते ५०० किलोमीटर कापतं असं धरा.

बेरीज करा. हवेत ७० मिनिटं, जमिनीवर १५. झाली ८५. कंपनीने वेळ बरोबर लिहिली आहे.

खिडकीशेजारी

धावपट्टी काका, मनापासून धन्यवाद. तिकीट पाहिलं, एटीआर ७२ च आहे. मग दुसऱ्या संकेतस्थळाचे १ तास ५ मिनिटं कुठून आले?

धावपट्टी

ते जेटचे, आणि जेटसाठी तो अंदाज चांगला आहे. आमच्यात एक अंगठानियम होता: जेट असेल तर अंतराला ८०० ने भागा आणि वर अर्धा तास घाला. टर्बोप्रॉप असेल तर ५०० ने भागा आणि अर्धा तास घाला. अर्ध्या तासात टॅक्सी, चढ, उतार, वळणं सगळं येतं.

४७१ भागिले ८०० म्हणजे ३५ मिनिटं, अधिक ३०, झाली ६५. हेच तुमचं दुसरं संकेतस्थळ. ४७१ भागिले ५०० म्हणजे ५६ किंवा ५७, अधिक ३०, झाली ८६-८७. हे तुमचं तिकीट.

यात एक गोष्ट दिसते ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. जेटचा वेग टर्बोप्रॉपच्या दीडपटीहून जास्त, पण ४७१ किलोमीटरवर त्याने वाचवली फक्त २० मिनिटं. २५० किलोमीटरवर दहा-बारा मिनिटं वाचतील. अंतर जितकं कमी, तितका वेगाचा उपयोग कमी.

वाऱ्याची दिशा

याचं टोकाचं उदाहरण स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत आहे. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे ही दोन बेटं. त्यांच्यातलं विमानाचं अंतर २.७ किलोमीटर. १९६७ पासून ही सेवा सुरू आहे आणि नियमित प्रवासी उड्डाणांमध्ये जगातलं सगळ्यात छोटं उड्डाण म्हणून ते प्रसिद्ध आहे. वेळापत्रकात दोन मिनिटं लिहितात. वारा अनुकूल असला की एका मिनिटाच्या आतही झालंय, विक्रम ५३ सेकंदांचा आहे. विमान असतं ब्रिटन-नॉर्मन आयलँडर, आठ-नऊ प्रवाशांचं. तिथे क्रूझ नावाचा प्रकारच नाही. चढलं की उतरलंच. बेटावरच्या लोकांसाठी ती गंमत नाही, डॉक्टर आणि शिक्षक त्याच विमानाने ये-जा करतात.

आता वाऱ्याबद्दल, कारण तो कुणी काढला नाही. खिडकीशेजारी, आईच्या परतीच्या प्रवासाची वेळ तिकिटावर वेगळी आहे का?

खिडकीशेजारी

हो! परतीला ९५ मिनिटं लिहिलीत. मला छापण्यातली चूक वाटली होती.

वाऱ्याची दिशा

चूक नाही. विमान हवेच्या तुलनेत उडतं आणि ती हवा स्वतः वाहत असते. नदीत पोहणाऱ्यासारखंच. विमानाचा हवेतला वेग ५०० असेल आणि पाठीमागून ५० चा वारा असेल, तर जमिनीवरून पाहणाऱ्याला ते ५५० ने जाताना दिसेल. समोरून असेल तर ४५० ने.

५०० किलोमीटरची वाट धरा. जाताना ५४ ते ५५ मिनिटं, येताना ६६ ते ६७. बारा मिनिटांचा फरक, तोही माफक वाऱ्यात.

आणखी एक बारकावा. लोकांना वाटतं की जाताना जे मिळालं ते येताना गेलं, हिशेब बरोबरीत सुटला. सुटत नाही. वारा नसता तर जाऊन-येऊन १२० मिनिटं लागली असती. वाऱ्यात १२१ हून थोडी जास्त लागतात. कारण समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ काढता, म्हणजे तो तुम्हाला जास्त वेळ अडवतो. वारा १०० चा केला तर जाऊन-येऊन १२५ मिनिटं होतात. अगदी काटकोनात आडवा वारा असला तरी थोडा वेळ जातोच, कारण वाट न सोडण्यासाठी विमानाला नाक वाऱ्याकडे तिरकं धरून उडावं लागतं.

अवांतर: उंचावरच्या जोरदार पश्चिमी वाऱ्याची, ज्याला आज जेट स्ट्रीम म्हणतात, पद्धतशीर मोजणी जपानी हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओईशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून केली. जगाला कळावं म्हणून त्यांनी अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम रचलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत प्रसिद्ध केला. ती भाषा वाचणारेच थोडे, त्यामुळे जपानबाहेर फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या वैमानिकांना हा वारा अचानक भेटला, तेव्हा त्याची चर्चा झाली. इतकं मोलाचं काम भाषेच्या निवडीमुळे अडून राहिलं, हे वाचल्यापासून मला त्याची हळहळ वाटते.

एटीआर जेट स्ट्रीमच्या बरंच खाली उडतं, त्यामुळे त्याला तेवढा जोराचा वारा सहसा लागत नाही. पण त्याचा स्वतःचा वेगच कमी, म्हणून ५० चा वारा त्याला जेटपेक्षा जास्त जाणवतो.

घड्याळ लावून

सगळं पटलं. पण माझं मत थोडं वेगळं आहे. मी कामानिमित्त महिन्यातून दोनदा असाच छोटा प्रवास करतो. तिकिटावर ७५ मिनिटं असतात आणि बहुतेक वेळा विमान ६० व्या मिनिटाला थांबलेलं असतं. दहा वर्षांपूर्वी त्याच मार्गाला ६५ मिनिटं लिहायचे. विमान तेच, विमानतळ तेच. वेळ फुगवून लिहायची आणि मग 'वेळेवर पोचलो' म्हणायचं, हे प्रवाशाची दिशाभूल करणारं आहे.

धावपट्टी

तुमचं निरीक्षण खरं आहे. वेळापत्रकात पॅडिंग, म्हणजे जादा धरलेली मिनिटं, असतं आणि ते वाढलेलंही आहे. पण त्याकडे दोन बाजूंनी पाहा.

विमान वेळेवर धरायचं की उशिरा, याचा जगभर रूढ निकष १५ मिनिटांचा आहे. छापलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत आलं तर वेळेवर. या आकड्यावर कंपन्यांची तुलना होते, त्यामुळे वेळ थोडी सैल लिहिण्याचा मोह होतो हे मी नाकारणार नाही.

पण वेळ ठरते कशी ते सांगतो. वर्षात दोन वेळापत्रकं असतात. उन्हाळी मार्चच्या शेवटच्या रविवारपासून, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून. प्रत्येक मोसमासाठी त्या मार्गाच्या मागच्या प्रत्यक्ष वेळा काढतात. समजा शंभर उड्डाणं झाली. कधी ५८ मिनिटं, कधी ६३, कधी ८१. सरासरी लिहिली तर जवळजवळ निम्मी उड्डाणं छापलेल्या वेळेनंतर पोचतील. म्हणून ज्या वेळेत शंभरातली साठ-सत्तर बसतात, ती लिहितात. त्याच विमानाला दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करायच्या असतात. सकाळी दहा मिनिटं चुकली तर संध्याकाळी ती तासावर जातात. पॅडिंग तुमच्या फेरीपेक्षा शेवटच्या फेरीच्या प्रवाशासाठी जास्त असतं.

आणि छोट्या विमानतळांवर हे जास्त गंभीर आहे. काही विमानतळ ठरलेल्या तासांपुरतेच उघडे असतात. काहींवर रात्रीच्या दिव्यांची सोय नसते, सूर्यास्तानंतर उतरताच येत नाही. शेवटच्या फेरीला उशीर झाला तर ती रद्दच होते. मी अशी रद्द झालेली उड्डाणं पाहिली आहेत आणि त्या वेळी काउंटरपुढे उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे अजून आठवतात. म्हणून मला ती दहा मिनिटं फुगवलेली वाटत नाहीत.

घड्याळ लावून

शेवटच्या फेरीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मान्य. तरी कंपन्यांनी खरी उड्डाणवेळ आणि ब्लॉक टाइम दोन्ही छापावेत, असं मला अजूनही वाटतं.

नकाशावेडी

ते होईपर्यंत एक उपाय आहे. विमानांचा माग दाखवणारी जी ॲप आहेत, त्यांत फ्लाइट क्रमांक टाका आणि मागच्या दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी बघा. कोणत्याही अंतर-गणकापेक्षा हे भरवशाचं. फक्त काय मोजलंय ते तपासा: टेकऑफ ते लँडिंग की जागा ते जागा.

आणि दोन विमानतळांची घड्याळं एकच आहेत ना, हेही पाहा. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या ठिकाणची असते. ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्ट विमानतळाची धावपट्टी दोन राज्यांच्या सीमेवरून जाते. न्यू साउथ वेल्समध्ये उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात, क्वीन्सलंडमध्ये करत नाहीत. म्हणजे वर्षातले काही महिने त्या एकाच धावपट्टीच्या दोन टोकांना कायद्याने वेगवेगळी वेळ असते! विमानतळ क्वीन्सलंडची वेळ पाळतो. नुसती दोन वेळांची वजाबाकी करून प्रवासाचा कालावधी काढणारे अशा ठिकाणी एका तासाने चुकतात.

मदतीचा हात

खिडकीशेजारी ताई, मी विमानतळावर व्हीलचेअरच्या प्रवाशांना ने-आण करण्याचं काम करते. सगळं वाचलं. माहिती छान आहे, पण तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलं नाही. १२.५० चं तिकीट काढू नका.

कारण सांगते. १२.०५ ही विमान थांबण्याची वेळ. आई दाराबाहेर येण्याची नाही. व्हीलचेअर मागितली असेल तर प्रवासी सहसा सगळ्यात शेवटी उतरतो, कारण बाकीची रांग मोकळी झाल्याशिवाय नीट उतरवता येत नाही. एटीआरला तर शिडीच असते. आईंना पायऱ्या उतरता येत नसतील तर रॅम्प किंवा लिफ्ट आणावी लागते. छोट्या विमानतळावर असं साधन एकच असलं तर ते दुसऱ्या विमानापाशी असू शकतं. त्यात १५ ते २५ मिनिटं जातात. मग बॅग.

आणि तुमची तिकिटं वेगळी आहेत. म्हणजे आईंना बॅग घेऊन बाहेर यायचं, पुन्हा चेक-इन करायचं, पुन्हा सुरक्षा तपासणी. बहुतेक ठिकाणी काउंटर सुटण्याच्या ४५ ते ६० मिनिटं आधी बंद होतं. १२.५० मधून ४५ गेली की किती राहिले? १२.०५. पहिलं विमान अगदी वेळेवर येऊन थांबेल त्याच मिनिटाला दुसऱ्याचं काउंटर बंद होतंय.

एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरमध्ये दोन्ही टप्पे असते तर पहिलं विमान उशिरा आल्यावर पुढची सोय करणं कंपनीवर आलं असतं. वेगळ्या तिकिटांना तसं नाही. दुसऱ्या कंपनीच्या लेखी आई नुसत्या 'आल्या नाहीत'.

१४.३० चं काढा. तिकीट काढतानाच व्हीलचेअर नोंदवा, आणि पायऱ्या चढता-उतरता येतात की नाही ते स्पष्ट सांगा, त्यासाठी वेगवेगळे कोड असतात. औषधं हातातल्या पिशवीत. मधल्या दोन तासांत आईंना बसायला चांगली जागा आणि स्वच्छतागृह मिळेल एवढं मदतनिसाला आधी सांगून ठेवा. त्या घाबरतील ते धावपळीला, बसण्याला नाही.

खिडकीशेजारी

ताई, डोळे उघडले. मी ३४ मिनिटांच्या आकड्यावर विसंबून १२.५० चं काढणारच होते. १४.३० चं काढलं, व्हीलचेअरही नोंदवली. प्रवास झाला की इथे नक्की लिहीन.

खिडकीशेजारी

मंडळी, धागा वर काढतेय. आई आली, दहा दिवस राहिली आणि काल सुखरूप परतली.

मी तिला धावपट्टी काकांच्या त्या चार वेळा समजावून सांगितल्या होत्या. तिने पर्समधल्या छोट्या वहीत त्या टिपल्या. येताना: जागा सोडली १०.४७, जमीन सोडली ११.०१, टेकलं १२.०८, थांबलं १२.१४. म्हणजे निघायला ७ मिनिटं उशीर, ब्लॉक टाइम ८७ मिनिटं, त्यातली हवेत ६७. काकांनी ७० सांगितली होती.

मदतनीस विमानाच्या दारापाशी आली तेव्हा १२.३३ झाले होते. बॅग हातात आली १२.५० ला. मी जे तिकीट काढणार होते त्या विमानाची नेमकी तीच वेळ. आई म्हणाली, काचेतून ते जाताना दिसलं. तिला काही वाटलं नाही, मला मात्र फोनवर ऐकताना धस्स झालं.

परतताना हवेत ७८ मिनिटं लागली. वाऱ्याची दिशा, तुमच्या १२ मिनिटांच्या जागी ११ भरली. ब्लॉक टाइम ९३, तिकिटावर ९५.

आईचा धावपट्टी काकांना एक प्रश्न आहे. दोन्ही वेळा खाली अजून मोकळी जमीनच दिसत होती, गावाचा पत्ता नव्हता, आणि पंख्यांचा आवाज एकदम मऊ झाला. तिला क्षणभर भीती वाटली. असं का होतं?

धावपट्टी

आईंना माझा नमस्कार सांगा. इतक्या नेटक्या नोंदी आमच्याकडचे नवे लोकही ठेवत नसत.

तो आवाज कमी होणं म्हणजे उतरणीची सुरुवात. विमान विमानतळाच्या डोक्यावर जाऊन खाली येत नाही, लांबून उताराला लागतं. त्याचा हिशेब असा: दर १,००० फूट उंचीला साधारण ३ सागरी मैल. ते १८,००० फुटांवर असेल तर ५४ सागरी मैल, म्हणजे १०० किलोमीटर आधीपासून. तेव्हा वैमानिक इंजिनांची ताकद कमी करतो. उतारावर सायकलचं पायडल मारणं थांबवतो तसं. म्हणून आवाज मऊ होतो, आणि गाव अजून लांब असतं.

पुढच्या प्रवासात तो आवाज बदलला की त्यांना घड्याळ पाहायला सांगा. तिथून चाकं टेकेपर्यंत साधारण २० मिनिटं. वहीत पाचवी वेळ म्हणून लिहिता येईल.